दम आधी येतो, पाय मागून

मार्गशीर्ष सरत आला की हट्टा, जवळा बाजार, वसमत भागातली तरुण पोरं माळेगावच्या वाटेला लागतात. खंडोबाचं दर्शन होतं, घोड्यांच्या बाजारात फेरफटका होतो आणि एखादं शिंगरू टेम्पोत चढून गावात येतं. दोन-अडीच वर्षांचं, अंगानं भरलेलं, कान टवकारलेलं. संक्रांतीला त्याच्या पाठीवर खोगीर पडतं आणि महाशिवरात्रीला त्याच्यावरच बसून औंढा नागनाथाला जायचा बेत ठरतो. या पोरांना आणि त्यांच्या घरच्या जाणत्या माणसांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदाची शिवरात्र सोडा. पुढचीही सोडा. शिंगरू पाच वर्षांचं होऊ द्या, मग लांबच्या वाटेला काढा. एवढी कळ काढलीत तर तोच घोडा पुढची दहा-बारा वर्षं तुम्हाला नेईल आणि आणील.

कळ का काढायची, ते आधी सांगतो. शिंगराचा दम फार लवकर तयार होतो. रोज थोडं थोडं चालवलं तरी दोन-तीन महिन्यांत त्याचं काळीज आणि फुप्फुसं कामाला लागतात. आधी तीन किलोमीटरला धापा टाकणारं जनावर दहा किलोमीटर जाऊन येतं आणि अंगाला नीट घामही नसतो. मालकाला वाटतं, झालं, तयार झाला. पण पायाच्या नळीमागची शीर, सांध्यांना बांधून ठेवणारे स्नायुबंध, यांना ओझ्याची सवय व्हायला वर्षभर लागतं. हाडांना त्याहून जास्त. म्हणजे दम म्हणतो चल, आणि पाय अजून तयारच नसतात. घोडा ते सांगत नाही. तो कळपातलं जनावर आहे. पुढचा चालला की हाही चालतो, टाच मारली की पळतो. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दिसतं ते दोन-तीन वर्षांनी, नळी सुजायला लागते, खुराच्या वरचा सांधा आखडतो, पाठीला हात लावला की घोडा खाली दबतो. तेव्हा लोक म्हणतात, जनावर कच्चं निघालं. जनावर कच्चं नव्हतं, त्याला कच्चेपणी कामाला लावलं होतं.

घोड्याचं हाड खालून वर पिकत जातं. खुराजवळची हाडं वर्ष-दीड वर्षात पक्की होतात. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरचं हाड अडीच वर्षांच्या आसपास जुळतं. आणि आपण ज्याच्यावर बसतो तो पाठीचा कणा पुरता पक्का व्हायला पाच वर्षांच्या पुढे जावं लागतं. उंच, भरदार शिंगराचं वय लवकर भरतं असं नाही, उलट मोठ्या हाडाचं जनावर सावकाश पिकतं.

बाजारात वय विचारू नका, तोंड उघडून बघा. दुधाचे दात लहान, पांढरेशुभ्र आणि मुळाशी निमुळते असतात. पक्के दात रुंद, पिवळसर आणि उभ्या रेघांचे. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडून नवी येते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. वरखाली सहा-सहा पक्के दात एकमेकांना टेकले की घोडा पाच वर्षांचा झाला. कडेचे दुधाचे दात तोंडात असताना विकणारा 'पाच पूर्ण' म्हणत असेल तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

मी सांगतोय हे माझं एकट्याचं मत नाही. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात १९५५ पासून टेविस कप नावाची शर्यत होते, १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, एका दिवसात. लांबच्या वाटेचे घोडे कसे तयार करायचे याचा सगळा अनुभव त्या लोकांच्या गाठीशी आहे. अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेचा नियम असा की पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय घोडा ८० किलोमीटरच्या स्पर्धेत उतरवायचा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत १६० किलोमीटरसाठी आठ वर्षांची अट आहे. ज्यांचे घोडे लाखोंचे आहेत, दिमतीला डॉक्टर आहेत, तेही थांबतात.

काही जण विचारतील, मग महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दोन वर्षांचे घोडे कसे धावतात? धावतात, मिनिट-दीड मिनिटासाठी, मऊ पट्टीवर, हलक्या जॉकीला घेऊन. तरी त्यातले कितीतरी पायानं जातात. आपल्याला हवाय तो डांबरावर, मुरमावर, दिवसभर चालणारा घोडा. तो धंदाच वेगळा. मात्र या प्रश्नात एक खरी गोष्ट आहे. हालचाल न केलेलं हाड कमकुवत राहतं. म्हणून मी शिंगरू चार वर्षं खुंट्याला बांधून ठेवा असं मुळीच म्हणत नाही. आखूड दोरीनं गोठ्यात बांधलेलं शिंगरू पाहिलं की मला जास्त वाईट वाटतं. त्याला मोकळं रान द्या, पळू द्या, लोळू द्या. वय कमी असताना काम कमी असावं, हालचाल नव्हे. आणि वरातीसाठी दोन वर्षांच्या शिंगराला डीजेपुढे मागच्या पायांवर नाचवायला शिकवतात, ते कृपा करून बंद करा. साऱ्या अंगाचा भार त्या कोवळ्या मागच्या सांध्यांवर येतो.

लांबचं चालणं आपल्याला नवं नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी ज्येष्ठात निघतात आणि साताऱ्यावरून पायी आळंदीला येतात, तीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर. लोकांच्या डोळ्यांत रिंगण भरतं, कारण तिथे अश्व वाऱ्यासारखा सुटतो. पण ते रिंगण काही मिनिटांचं. बाकी सगळी वाट ते जनावर कदम चालीनं चालतं, मुक्काम करतं, सकाळी उठून पुन्हा चालतं, आणि माउलींच्या अश्वाच्या पाठीवर तर कोणी बसत नाही. आपल्या भागातून शेगावची पालखी नर्सी, औंढा, जवळा बाजार करत परभणीकडे जाते, तिच्यापुढचे अश्वही असेच चालताना आपण पाहतो. लांबचा घोडा पळवून तयार होत नाही. चालवून होतो. मराठ्यांच्या फौजेतली भीमथडी तट्टं सव्वाचार फुटांच्या आसपासची, पण महिनोन्‌महिने चालणारी, आणि त्यांनाही पावसाळ्यात छावणी असे, दसऱ्याला फौज बाहेर पडे. चिपळूणजवळच्या छावणीतल्या लोकांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आत्ताच मनमानी उडवलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, असं त्यात बजावलं आहे. एवढ्या मोठ्या राजाचं लक्ष घोड्याच्या वैरणीपर्यंत होतं.

आता आपल्या हट्ट्याच्या रानात हे कसं करायचं ते बघू.

साडेतीन वर्षांपर्यंत पाठीवर माणूस नको. मोरखी घालून, दोरी हातात घेऊन बरोबर चाला. आठवड्यातून चार दिवस, आधी अर्धा तास, मग तासभर. बरोबर एखादी शांत, वयस्क घोडी असेल तर फार चांगलं, शिंगरू तिच्याकडे बघून निम्मं शिकतं. या काळात त्याला जग दाखवा. उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टर, झिरो फाट्याकडची वाहतूक, पुलावरून जाणं, कालव्याच्या चारीतलं पाणी ओलांडणं, हळद शिजवण्याच्या कुकरची वाफ. लांबच्या वाटेवर घोडा पायानं जेवढा थकतो त्याहून जास्त बुजण्यानं थकतो. खोगीरही या काळात नुसतं ठेवून, तंग हलका आवळून, तसंच चालवा.

साडेतीनच्या पुढे हलक्या अंगाचं पोरगं बसवा. वीस मिनिटं, नुसती कदम चाल. चार वर्षांचा होईपर्यंत आठ-दहा किलोमीटर आरामात व्हायला हवेत. चार ते पाच या वर्षात पंधरा, मग वीस-पंचवीस किलोमीटर, त्यात मध्ये मध्ये थोडी दुडकी. एक नियम मात्र मोडू नका. अंतर वाढवलं त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही, वेग वाढवला तर अंतर तेवढंच ठेवायचं. लांबची फेरी आठवड्यातून एकदाच, तिच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी. दर चौथा आठवडा हलका जाऊ द्या, कारण हाड आणि शीर कामात तयार होत नाहीत, कामानंतरच्या विश्रांतीत होतात.

जमिनीचं भान ठेवा. आपलं काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, आणि कडेला गवत असलं की ती भेग दिसत नाही. चालत्या घोड्याचा पाय त्यात गेला तर हाड मोडण्यापर्यंत वेळ येते. पावसाळ्यात तीच माती नाल ओढून काढते आणि चिखलातून पाय उपसताना नळीमागच्या शिरेला ताण बसतो. डांबरावर दुडकी म्हणजे प्रत्येक पावलाला सांध्याला दणका. म्हणून कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता, मुरमाची पांदण, नदीकाठची घट्ट वाळू असा तपास करून वाट ठरवा. वाळू भुसभुशीत असेल तर तिथून जाऊ नका. आपल्याकडे खरा हंगाम दिवाळी ते होळी. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशी ओलांडतं, तेव्हा दिवस उगवायच्या आत फिरवून आणा आणि अंतर निम्म्यावर आणा.

घोडा तयार होतोय की खचतोय, हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. नाडी बघायला शिका. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवा, सुतळीएवढी एक शीर बोटाखाली सरकते. हाडावर ती हलकीच दाबून धरा, अंगठा वापरू नका, नाहीतर स्वतःचीच नाडी मोजाल. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. गोठ्यात निवांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ भरते. तुमच्या घोड्याची किती, ते काही सकाळी मोजून वहीत लिहून ठेवा. फेरीवरून आलात की उतरा, तंग सैल करा, सावलीत उभं करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. साठच्या खाली आली तर काम झेपलं. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत डॉक्टर ६४ हा आकडा बघतात, ठरलेल्या मिनिटांत नाडी तिथवर उतरली नाही तर घोड्याला पुढे सोडत नाहीत. तुमच्या घोड्याची वीस मिनिटांनीही चौसष्टच्या वर असेल तर पुढची फेरी निम्मी करा. आणि सकाळी गोठ्यातलीच नाडी नेहमीपेक्षा आठ-दहानं चढलेली दिसली, तर त्या दिवशी खोगीर चढवूच नका. कुठेतरी दुखतंय किंवा ताप आहे.

दुसरी तपासणी पायांची, रोज सकाळी, दाणा टाकायच्या आधी. गुडघ्याखाली तळहात ठेवा आणि नळीच्या मागून खुरापर्यंत सावकाश खाली आणा. चारही पाय. गरम लागतंय का, काल जिथे दोरीसारखं घट्ट होतं तिथे आज फुगीर लागतंय का, दाबल्यावर पाय उचलतो का. आठवडाभर हे केलंत की हाताला आपोआप कळायला लागतं. मग कोणाला तरी दोरी सैल धरून कडक जमिनीवर घोडा दुडक्या चालीनं न्यायला सांगा आणि तुम्ही समोरून बघा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली आणतो. डोकं सरळ राहिलं तर ठीक. जरा जरी हललं तर आराम द्या, आणि दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवा. दुखणं दाबणारं इंजेक्शन देऊन वाटेला लावणं म्हणजे घोड्याचं तोंड बांधणं आहे, ते कोणाच्याही आग्रहानं करू नका.

ओझ्याचा हिशेब साधा आहे. खोगीर, पिशवी, पाणी आणि स्वार मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि चार-पाच वर्षांच्या घोड्याला त्याहून कमीच. तीनशे किलोच्या घोड्याला साठ किलो झाले, त्यात खोगीरच आठ-दहा किलोचं. म्हणजे पंचाहत्तर किलोच्या गड्यानं अशा घोड्यावर लांब जाऊ नये, वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही. घोड्याचं वजन अंदाजानं सांगू नका. टेम्पो घोड्यासकट आणि घोड्याविना काट्यावर घातला की कळतं. शिवाय चढावर आणि उतारावर खाली उतरून बरोबर चालत जा, लांबचे मुरलेले स्वार हेच करतात. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओल आणि मध्येच एक कोरडा ठिपका असेल तर तिथे खोगीर रुततंय, आज ना उद्या तिथली पाठ सोलणार.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे पैसा कमी पडत नाही, चुकीच्या जागी खर्च होतो. पोट वैरणीनं भरायचं असतं, दाण्यानं नाही. तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो वाळली वैरण हवीच. ज्वारीचा चांगला कडबा बारीक करून, त्याच्याबरोबर लसूणघास. भिजवलेला हरभरा कामाच्या मानानं, एका वेळी किलोच्या आसपास, आणि सुट्टीच्या दिवशी निम्मा. सुट्टीला भरपूर दाणा आणि दुसऱ्या दिवशी एकदम काम, असं झालं की घोड्याचं पुठ्ठं दगडासारखं आखडतं, लघवी काळसर होते. अशा वेळी एक पाऊलही चालवू नका, जागेवर डॉक्टर बोलवा. गव्हाचा कोंडा स्वस्त पडतो म्हणून लोक घमेलं घमेलं घालतात. नुसत्या कोंड्यावर वाढलेल्या शिंगराची हाडं ठिसूळ होतात, कारण कोंड्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नगण्य. लसूणघास ती तूट भरतो. ज्वारीचा कोवळा हिरवा फुटवा घोड्याला घालू नका. आणि घरात पोती आहेत म्हणून कच्चं सोयाबीन तर नकोच, ते पचत नाही.

पाण्याबद्दल दोन जुने समज अजून घट्ट आहेत. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, आणि त्याच्या अंगावर गार पाणी ओतू नये. दोन्हींमुळे घोडे मरतात. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो आणि उन्हात, जोराच्या कामात तासाला दहा लिटरच्या वर जाऊ शकतो. वाटेत पाणी दिसलं की पिऊ द्या, पिऊन झालं की कदम चालीनं पुढे न्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी तिथल्या दमट उकाड्याची धास्ती होती, म्हणून तापलेल्या घोड्यांवर संशोधन झालं. थंड पाणी अंगभर ओतत राहणं हाच उतारा ठरला, त्यानं घोड्यांना इजा झाली नाही. तेव्हा मान, छाती, पाय, पुठ्ठा, सगळीकडे पाणी ओता, निथळू द्या, पुन्हा ओता. रोजच्या दाण्यात मूठभर खडे मीठ असू द्या, घामाच्या दिवशी थोडं जास्त. मात्र पुढ्यात पाणी असेल तरच.

नाल लवकर ठोकू नका. कोवळा खूर कच्च्या वाटेवर चालून पसरतो, घट्ट होतो. डांबर-मुरमाच्या फेऱ्या वाढल्या की नाल घाला, आणि मग दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवाच. नाल शाबूत दिसली तरी आत खूर वाढलेला असतो.

आता दवाखान्याचं. धनुर्वाताची लस शिंगरू घरी आल्याबरोबर टोचून घ्या, महिन्यानं दुसरी, पुढे डॉक्टर सांगतील तशी. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि खिळ्याची एक जखम त्याला पुरते. पावसाळा सरताना चावऱ्या माश्यांमुळे सर्रा होतो. ताप येतो-जातो, खाऊनही घोडा वाळत जातो, पोटाखाली सूज उतरते. रक्त तपासलं तर सापडतो आणि औषध आहे. परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय आपल्यापासून लांब नाही, गावच्या दवाखान्यात नेमकं कळलं नाही तर घोडा तिथे न्या.

ग्लँडर्स मात्र वेगळा. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, आणि रोगी घोड्याला २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार मारावंच लागतं, उपचार करत बसायची परवानगी नाही. पैसे मोजायच्या आधी विकणाऱ्याकडे रक्ततपासणीचा दाखला मागा. नसेल तर सरकारी डॉक्टरांकडून नमुना घ्यायला लावा आणि निकाल येईपर्यंत सौदा थांबवा. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी किंवा फुटलेले फोड दिसले तर हातही लावू नका, दर कितीही उतरवून देत असला तरी. घरी आणल्यावर पहिले तीन आठवडे नवं जनावर बाकीच्यांपासून लांब बांधा, त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा ठेवा, आणि त्याचं करून झालं की हात साबणानं धुऊन मगच दुसऱ्या घोड्याकडे जा.